निसानची भारतातली ओळख नेमकी काय ठेवावी?

तिसरा_गिअर (धागाकर्ता):

ब्रँड व्यवस्थापनाच्या प्रकल्पासाठी 'ओळख हरवलेला मोटार ब्रँड' हा विषय घेतला आहे आणि उदाहरण म्हणून निसानचा भारतातला कारभार निवडला आहे. २०१० मध्ये मायक्रा, २०११ मध्ये सनी, २०१३ मध्ये टेरानो, २०१४ पासून डॅटसन, २०१९ मध्ये किक्स आणि डिसेंबर २०२० मध्ये ४.९९ लाखांच्या सुरुवातीच्या किमतीने मॅग्नाइट. गाड्या आल्या आणि गेल्या. मॅग्नाइट लोकांना माहीत आहे, पण 'निसान म्हणजे काय?' असं विचारलं तर उत्तर येत नाही. मारुती म्हणजे मायलेज आणि गावोगावी सर्व्हिस, टोयोटा म्हणजे टिकाऊ, महिंद्रा म्हणजे रांगडी, टाटा म्हणजे मजबूत पत्रा. तसं निसानचं काहीच नाही.

मी तीन पर्याय काढले आहेत:
१) जपानी टिकाऊपणा
२) कमी पैशांत जास्त सोयी
३) जीटी-आर या निसानच्या स्पोर्ट्स कारचा वारसा, म्हणजे वेग आणि तंत्रज्ञान

यातला कोणता धरावा? आणि तो धरल्यावर प्रत्यक्षात काय काय करावं लागतं? घोषवाक्यं सुचवू नका, ती जाहिरात संस्था करतीलच. घोडं कुठे पेंड खातं ते हवं आहे.

---

चाकणचा_पाना:

पर्याय निवडण्याआधी ओळख का झाली नाही ते पाहा, म्हणजे तुमचे तीनपैकी अडीच पर्याय आपोआप गळतील.

पहिलं कारण भागीदार कंपनी रेनोबरोबरची जुळी भावंडं. मायक्राची रेनो पल्स झाली, सनीची रेनो स्काला, आणि रेनो डस्टरची निसान टेरानो. तीन गाड्या, सहा नावं. गिऱ्हाईक दोन्ही शोरूम फिरून यायचं आणि फरक काय विचारायचं, तर उत्तर होतं जाळी आणि दिवे. त्यात टेरानो डस्टरपेक्षा महाग. 'जास्त पैसे कशाचे?' याला सेल्समनकडे एका वाक्याचं उत्तर नसेल तर ब्रँडकडेही ते नाही असं समजा. किक्स आली तीही जगभर विकली जाणारी किक्स नव्हती, डस्टरच्याच पायावर बेतलेली होती.

दुसरं कारण डॅटसन. ८०च्या दशकात मोडीत काढलेलं नाव निसानने पुन्हा उभं केलं आणि मार्च २०१४ मध्ये गो ही गाडी ३.१२ लाखांपासून आणली. नोव्हेंबर २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत तिला शून्य तारे मिळाले आणि 'ही गाडी बाजारातून काढा' असं पत्र त्या संस्थेने थेट निसानचे तेव्हाचे प्रमुख कार्लोस घोन यांना लिहिलं. गाडी डॅटसनची, पण उभी होती निसानच्याच शोरूममध्ये, मायक्राच्या शेजारी. स्वस्त मालासाठी वेगळं नाव घ्यायचं ते मुख्य नावाला झळ बसू नये म्हणून. छप्पर एकच ठेवलं तर वेगळ्या नावाचा फायदा शून्य आणि बदनामी मात्र दोघांत वाटून. एप्रिल २०२२ मध्ये डॅटसन भारतात बंद झालं.

तिसरं कारण कमी बोललं जातं. चेन्नईजवळचा ओरगडमचा कारखाना मुख्यतः निर्यातीवर चालला. जुलै २०२२ पर्यंत तिथून दहा लाख गाड्या परदेशी गेल्या. निर्यातीमुळे यंत्रं फिरत राहतात, पण इथल्या गिऱ्हाइकासाठी काय बनवायचं हा प्रश्न त्यामुळे तातडीचा राहत नाही.

आता तुमचे पर्याय. 'जपानी टिकाऊपणा' ही जागा टोयोटाने इनोव्हाच्या जोरावर बळकावली आहे. शिवाय टेरानो आणि डिझेल मायक्रातलं १.५ लिटरचं इंजिन रेनोचं होतं आणि मॅग्नाइटचा पाया रेनोच्या कायगर-ट्रायबरच्या घराण्यातला आहे. बोनेट उघडल्यावर जे दिसत नाही ते जाहिरातीत सांगू नये. 'कमी पैशांत जास्त सोयी' ही ओळख नव्हेच, तो आजचा भाव झाला. उद्या कोणी पंधरा हजारांनी खाली आलं की ती त्याची. जीटी-आर इथे डिसेंबर २०१६ मध्ये आली, साधारण दोन कोटींना. तिच्यापासून सहा लाखांच्या मॅग्नाइटपर्यंत यायला मध्ये एकही पायरी नाही. टोयोटाकडे लँड क्रूझर, फॉर्च्युनर, हायरायडर अशी उतरंड आहे, म्हणून तिथे वारसा खाली झिरपतो.

---

अर्धा_क्लच:

वरच्या निदानाशी सहमत. उपायासाठी टाटांचा क्रम बघा, पण तो 'सुरक्षितता हा मुद्दा पकडला आणि जिंकले' इतका सरळ नाही.

इंडिका डिसेंबर १९९८ मध्ये आली ती 'जास्त गाडी' या मुद्द्यावर. डिझेल, मोठी जागा, कमी खर्च. नेमक्या याच गुणांनी ती टॅक्सीवाल्यांची लाडकी झाली आणि घरच्या गाडीसाठी लोक तिला टाळू लागले. नॅनोवर 'सर्वात स्वस्त' हा शिक्का बसला, तो चुकला हे रतन टाटांनी नंतर उघडपणे मान्य केलं. २०१४ची झेस्ट आणि जानेवारी २०१५ची बोल्ट आतून बऱ्याच सुधारल्या होत्या, पण बाहेरून जुन्या इंडिका व्हिस्टाची सावली जात नव्हती. नोव्हेंबर २०१५ मध्ये जाहिरातींसाठी फुटबॉलपटू मेस्सीला करारबद्ध केलं. तेव्हा दाखवायला नवी गाडी नव्हती, टियागो यायला एप्रिल २०१६ उजाडला. चेहरा आधी आणि माल नंतर, हा पैसा वाया घालवण्याचा हमखास मार्ग.

फिरलं ते नेक्सॉनवर. सप्टेंबर २०१७ मध्ये गाडी आली, ऑगस्ट २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपचे चार तारे मिळाले. बाकी कोणीही चारवर पेढे वाटले असते. टाटांनी सीटबेल्टची आठवण करणारा इशारा आणि बाजूच्या धडकेच्या निकषाची पूर्तता सगळ्या प्रकारांत कायम केली, गाडी पुन्हा चाचणीला पाठवली आणि डिसेंबर २०१८ मध्ये पाच तारे घेतले. प्रौढांच्या सुरक्षिततेत पाच तारे मिळवणारी ती पहिली भारतीय बनावटीची गाडी. पण एका गाडीने ओळख बनत नाही. जानेवारी २०२०ची अल्ट्रोझ आणि ऑक्टोबर २०२१ची पंच, दोघीही पाच तारे घेऊनच आल्या. तीनदा तेच दिसल्यावर लोक ते ब्रँडच्या नावाला जोडतात. प्रवासी गाड्यांतला त्यांचा वाटा २०१९-२० मध्ये पाच टक्क्यांच्या आसपास होता, २०२२-२३ मध्ये तेराच्या वर गेला. यातलं किती श्रेय ताऱ्यांचं, किती विजेवरच्या गाड्यांचं, किती नव्या रूपाचं, हे कोणी तोलून सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली, जिच्याकडे प्रकल्प लिहिणाऱ्यांचं लक्ष जात नाही. जुलै २०२१ मध्ये टॅक्सी आणि ताफ्यांसाठी 'एक्सप्रेस' हे वेगळं नाव काढलं आणि टिगोरची टॅक्सी त्या नावाखाली नेली. पिवळ्या पाटीची गाडी आणि घरची गाडी एकाच नावाने रस्त्यावर दिसू नये म्हणून. इंडिकाने वीस वर्षांपूर्वी शिकवलेला धडा तेव्हा कुठे गिरवला गेला.

निसानसाठी यातून एवढंच घ्या: जे वाक्य धराल ते पुढच्या तीन गाड्यांत खरं करून दाखवता येईल का? येत नसेल तर वाक्य बदला.

---

ऑनरोड_किंमत:

पद्धत विचारली आहे म्हणून लिहितो. प्रकल्पात 'सर्वेक्षण केले, २०० जणांनी फॉर्म भरला' असं लिहू नका. गूगल फॉर्मवर सगळे 'सुरक्षितता महत्त्वाची' म्हणतात आणि सनरूफवाली गाडी घेतात.

त्याऐवजी तीन गटांशी बोला, प्रत्येकी दहा-बारा माणसं पुरेत:
अ) ज्यांनी मॅग्नाइट घेतली.
आ) ज्यांनी मॅग्नाइटची टेस्ट ड्राइव्ह घेतली आणि दुसरी गाडी घेतली.
इ) त्याच बजेटची गाडी घेतली, पण निसानच्या शोरूममध्ये पाऊलही टाकलं नाही.

खरा माल 'आ' गटात असतो. त्यांना 'निसानबद्दल काय वाटतं' हे विचारू नका. विचारा: शेवटच्या दोन गाड्या कोणत्या उरल्या होत्या? घरात 'नको' कोण म्हणालं? नेमके कोणते शब्द वापरले? गाडी विकताना किती येतील याचा कोणाला अंदाज विचारला होता? 'काका म्हणाले, ही कंपनी राहील का?' असं उत्तर दहापैकी चारदा आलं, तर तुमचा प्रश्न ओळखीचा नाही, भरवशाचा आहे, आणि त्यावर घोषवाक्याचा उपयोग नाही. ही शंका हवेतली नाही. शेवरले २०१७ मध्ये आणि फोर्ड २०२१ मध्ये भारतातल्या विक्रीतून बाहेर पडले ते लोकांच्या लक्षात आहे. त्यात २०२५ मध्ये ओरगडमच्या कारखान्यातला निसानचा हिस्सा रेनोने घेतला. कंपनीने कितीही समजावलं तरी बातमीचा मथळा तेवढाच डोक्यात राहतो.

दुसरी चाचणी पाच मिनिटांची. ब्रँडच्या गेल्या दोन वर्षांच्या जाहिराती घ्या, नाव झाकून तिथे ह्युंदाई किंवा किया लिहा. जाहिरात तशीच चालली तर ती ओळख सांगत नव्हती. मॅग्नाइटच्या खास आवृत्त्याच बघा: २०२२ची रेड एडिशन, २०२३ची गेझा, त्याच वर्षीची कुरो. एक लाल सजावटीची, एक मोठा पडदा आणि जेबीएलचे स्पीकर देणारी, एक काळी. प्रत्येक वेळी नवा मुद्दा. एक ना धड, भाराभर चिंध्या. आवृत्त्या काढू नका असं नाही, पण तिन्हींनी एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेने सांगायला हवी होती.

तुलना करताना शोरूम किंमत नको, तुमच्या शहरातली ऑन-रोड घ्या आणि त्यात पाच वर्षांची सर्व्हिस आणि विकतानाची किंमत मांडा. गिऱ्हाईक डोक्यात हाच हिशोब करतं, फक्त कागदावर लिहीत नाही.

---

स्टेपनी:

थोडा विरोध नोंदवतो. ओळख असणं आणि गाडी विकली जाणं या दोन गोष्टी आहेत. फियाटला ओळख नव्हती असं कोण म्हणेल? चालवायला मजा, दणकट बांधणी, स्टिअरिंगचा हाताला लागणारा भार. लिनिया आणि पुंटो २००९ मध्ये आल्या तेव्हा जाणकारांनी वाखाणल्या. पण त्या मिळायच्या टाटांच्या शोरूममध्ये, जिथला सेल्समन आधी इंडिगो विकायचा. आणि फियाटची खरी शान, १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन, मारुतीच्या स्विफ्टमध्ये डीडीआयएस आणि व्हिस्टात क्वाड्राजेट या नावाने धावत होतं. देशातली कितीतरी डिझेल हॅचबॅक गिऱ्हाइकं फियाटचं इंजिन वापरत होती आणि त्याला मारुती म्हणत होती! २०१२ मध्ये टाटांशी वितरणाची फारकत झाली, स्वतःचं जाळं उभारायला घेतलं, तोवर उशीर झाला होता. रांजणगावचा कारखाना आज जीपमुळे ओळखला जातो.

उलट उदाहरण स्कोडाचं. २००१ मध्ये औरंगाबादजवळ शेंद्र्याला कारखाना, ऑक्टाव्हिया आली आणि 'डॉक्टरची गाडी' अशी छान ओळख झाली. ती बिघडवली सर्व्हिसच्या बिलांनी आणि आयात सुट्या भागांनी. एक दिवा बदलायला आठवडे लागले की दणकट दाराचा आवाज कोणी ऐकत नाही. मग इंडिया २.० प्रकल्पात त्यांनी काय केलं? जाहिरात नाही बदलली. एमक्यूबी-ए०-इन हा पाया इथल्यासाठी बेतला, स्थानिक सुटे भाग ९५ टक्क्यांपर्यंत नेण्याचं लक्ष्य ठेवलं, २०२१च्या कुशाकवर ४ वर्षे किंवा १ लाख किलोमीटरची वॉरंटी दिली. मग २०२२ मध्ये पाच तारे. नावांचं बंधनही पाळलं: कोडियाक, कुशाक, कायलाक. ऐकल्याबरोबर घराणं कळतं. निसानच्या नावांत मायक्रा, सनी, टेरानो, किक्स, मॅग्नाइट, कशाचा कशाला पत्ता नाही.

म्हणून निसानने आधी भाव आणि वेळ ठरवावी. क्लच सेट, पुढचे ब्रेक पॅड, लोअर आर्म, हेडलॅम्प, पुढचा बंपर, पुढची काच, रेडिएटर, या सात वस्तूंच्या किमती वेबसाइटवर आणि शोरूमच्या भिंतीवर. सातही तालुक्याच्या ठिकाणी किती दिवसांत मिळतील तो आकडा. उशीर झाला तर मजुरी माफ. यातलं काहीच न करता 'विश्वास' वगैरे म्हणणं म्हणजे बोलाचीच कढी.

---

तिसरा_गिअर:

सगळं टिपून घेतलं. पण म्हणजे तीनही पर्याय बाद आणि फक्त सर्व्हिस सुधारा? सर्व्हिस चांगली असणं ही मारुतीचीच जागा झाली की. निसानचं स्वतःचं असं काहीच नाही का?

---

चाकणचा_पाना:

आहे, आणि ते तुमच्या यादीत नाही.

भारतीय लष्कराची जोंगा ही जीपसारखी गाडी निसानची. निसानच्या 'पेट्रोल' (Patrol) या एसयूव्हीच्या ६० मालिकेतली गाडी, जबलपूरच्या वाहन कारखान्यात १९६९ पासून परवान्याने बनवलेली, सहा सिलिंडरचं जवळपास चार लिटरचं इंजिन. तिच्यासोबतचा एक टनी ट्रकही निसानचाच. लष्करात त्याला नुसतं 'निसान' म्हणायचे. नंतर एक्स-ट्रेल इथे विकली गेली. आखाती देशांत काम करणाऱ्या आपल्या लोकांना वाळूवर धावणारी पेट्रोल माहीत आहे. म्हणजे निसानचा इथला खरा धागा 'रस्ता नसेल तिथे जाणारी गाडी' हा आहे. जीटी-आर त्यात कुठेच बसत नाही.

मॅग्नाइटवर हे कसं चढवायचं? ती पुढच्या चाकांवर चालते, चार मीटरच्या आत आहे, तिला जोंगा म्हणालात तर हसं होईल. पण तिचा ग्राउंड क्लिअरन्स २०५ मिमी आहे आणि २०२५ मध्ये ग्लोबल एनकॅपने तिला प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी पाच तारे दिले. यातून प्रामाणिकपणे निघणारं वाक्य असं: 'वाईट रस्त्यासाठी बनवलेली छोटी गाडी.' भारतात याला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही.

मग त्या वाक्याची किंमत मोजायची. पहिल्या तीन-चार महिन्यांत होण्यासारखं: सगळ्यात स्वस्त प्रकारापासून इंजिनखाली संरक्षक पत्रा, आणि सस्पेन्शनच्या भागांवर वेगळी, लांब वॉरंटी. यात बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड, शॉकअब्सॉर्बर आणि चाकाची बेअरिंग नावानिशी लिहिलेले हवेत. बहुतेक कंपन्या हे भाग 'झीज' म्हणून वॉरंटीतून वगळतात किंवा मुदत तोकडी ठेवतात, म्हणूनच तिथे जागा मोकळी आहे. अर्थात आधी वॉरंटीच्या दाव्यांची जुनी आकडेवारी काढा. कोणता भाग किती किलोमीटरला जातो ते पाहून, जो सर्वाधिक जातो त्याचा पुरवठादार किंवा रबराचा दर्जा बदला आणि मगच वॉरंटी जाहीर करा. उलट क्रमाने केलंत तर पहिल्या पावसाळ्यातच हिशोब चुकेल.

वर्षभरात: टायरची बाजूची भिंत उंच ठेवायची. प्रत्येक नव्या आवृत्तीत रिम एक इंच मोठं आणि टायर चपटा करण्याची जी हौस असते ती बंद. दिसायला बरं, खड्ड्यात महाग. खास आवृत्ती काढायचीच तर छतावरचा कॅरिअर, चिखल सहन करणाऱ्या चटया आणि चांगले फॉग लॅम्प यांची काढा. टेस्ट ड्राइव्हचा मार्ग गुळगुळीत हायवेचा नको. प्रत्येक शोरूमने जवळचा दोन किलोमीटरचा सर्वात वाईट रस्ता ठरवून गिऱ्हाइकाला तिथेच न्यावं.

पुढची मोठी गाडी हा सगळ्यात कठीण भाग. टेक्टॉन नावाने जाहीर झालेली एसयूव्ही पेट्रोलवरून प्रेरित असल्याचं कंपनी म्हणते, दिशा बरोबर आहे. पण ती नव्या डस्टरची भावंड. टेरानोचं दुखणं परत यायचं नसेल तर रेनोपेक्षा वेगळं असं निदान एक तरी हाताला लागायला हवं: सस्पेन्शनची बांधणी, टायर, किंवा वॉरंटी. जाळी आणि दिवे हे उत्तर २०१३ मध्ये देऊन झालं आहे.

---

अर्धा_क्लच:

सस्पेन्शनची वॉरंटी पटली. एक भर: डिसेंबरातल्या घसघशीत सवलती. 'वाईट रस्त्याची भक्कम गाडी' म्हणायचं आणि वर्षअखेरीला लाखभर सूट द्यायची, तर लोकांच्या लक्षात सूटच राहते आणि नोव्हेंबरात गाडी घेतलेला माणूस कायमचा शत्रू होतो. सूट द्यायची वेळ आली तर रोख देऊ नका, वॉरंटी वाढवून द्या. विकतानाची किंमतही त्यामुळे टिकते, कारण उरलेली वॉरंटी दुसऱ्या मालकाला मिळते. ती हस्तांतरणाची फी फुकट ठेवा मात्र.

---

तिसरा_गिअर:

जोंगाचं नाव थेट एखाद्या आवृत्तीला देता येईल का? 'मॅग्नाइट जोंगा'?

---

स्टेपनी:

नको. ते नाव निसानने ठेवलेलं नाही, जबलपूरच्या आयुधनिर्माणीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं आहेत ती. नोंदणी कोणाकडे आहे ते वकिलाकडून तपासल्याशिवाय कागदावरही लिहू नका. शिवाय लष्करी गाडीचं नाव पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला लावलं तर निवृत्त फौजीच पहिले टिंगल करतील.

---

चाकणचा_पाना:

आणि 'पेट्रोल' हे नावही इथे जपून. गस्तीच्या अर्थाने ठेवलेलं ते नाव आपल्या कानाला इंधनच वाटतं. लिलावात घेतलेल्या कितीतरी जोंगांत लोकांनी डिझेल इंजिनं बसवली आहेत. म्हणजे डिझेलवर चालणारी पेट्रोल. सेल्समनला हे समजावत बसावं लागेल.